बिनपगारी रजा

आक्काच्या हातातला मोजा बंद पडला तेव्हा तिचं बोट हिरव्या काचेच्या तुकड्यापासून तांदळाएवढ्या अंतरावर होतं. तुकडा खरा नव्हता, टेबलात बसवलेल्या पडद्यावरचा होता. बोट खरं होतं. मोज्यातली मदत गेली तसं ते पडद्यावर आडवं पडलं, आणि आक्काने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासूनच्या बावन्न दिवसांत तिने हे इतक्यांदा केलं होतं की तिला आता त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या धाकट्या भावाला, सुकुमारला, मात्र दरवेळी वाटे.

"लाईट गेली काय गं?" आक्काने विचारलं.

"लाईट आहे, आजी. हे काहीतरी वेगळंच आलंय." नाझनीन मुजावर मिरजेच्या त्या रुग्णालयात हाताचे व्यायाम घेई. हॉलमध्ये अकरा टेबलं होती आणि अकराही टेबलांवर एकाच वेळी तोच मजकूर उमटला होता. तिने चष्मा वर सरकवून तो मोठ्याने वाचला. "या उपकरणातील एका कृतीच्या मालकीबाबत आक्षेप आहे. निर्णय होईपर्यंत वापर स्थगित. मूळ कृती, काचापाणी. लेखक, नव्व्याण्णव टक्के शक्यता, सुकुमार मगदूम. मालक, नभसूत्र सिस्टिम्स, पुणे." ती थांबली. "काका, तुमचंच नाव आहे की हो."

सगळ्या हॉलने सुकुमारकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर रियाझभाई सतारमेकर बसले होते. सतारीच्या घोडीवर पटाशी आणि कानस चालवून सुराला धार आणायची, म्हणजे जवारी काढायची, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. त्यांचाही उजवाच हात गेला होता. त्यांनी डाव्या हाताने सलाम केला. त्यांना वाटलं, यांचं नाव पडद्यावर आलंय म्हणजे काहीतरी मानाचं असणार.

सुकुमार बासष्ट वर्षांचा होता. त्यातली पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या सांगण्यावरून प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली होती आणि आता त्याला या सगळ्याचा कंटाळा आला होता. नवं यंत्र आलं की लोक खूश होतात, त्याला आधी थकवा यायचा. आताही त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता हे निस्तरायला हवं.

दोन वर्षांपूर्वी कायदा झाला होता. बाजारात येणाऱ्या प्रत्येक यंत्रात 'उगम' नावाची तपासणी बसवायची, आणि जुन्या यंत्रांतही टप्प्याटप्प्याने घालायची. गाण्याची नक्कल ओळखणं सोपं असतं. प्रोग्रॅमचं तसं नाही. नावं बदला, ओळी खालीवर करा, दुसऱ्या संगणकीय भाषेत लिहा, कुणाला पत्ता लागत नाही. उगमने वेगळीच वाट धरली. एक साधं काम करायला दहा तऱ्हा असतात आणि लिहिणारा त्यातली एक निवडतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. कुणी शून्यापासून मोजतो, कुणी उलटा मोजत येतो, कुणी शंभरदा तपासतो. अशा हजारो निवडी एका प्रोग्रॅममध्ये असतात. भाषा बदलली तरी त्या निवडी बदलत नाहीत, जसा माणूस चपला बदलतो पण चाल तीच राहते. उगम त्या निवडी वेचतं, जगातल्या जुन्या साठ्यांशी ताडून पाहतं आणि सांगतं, हा प्रोग्रॅम मूळचा अमक्याचा. मग त्या मूळ प्रतीवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचतं, आणि त्या मालकाने परवानगी दिली नसेल तर कुलूप लावतं. या सगळ्यात माणूस कुठेच नसतो. म्हणूनच तर ते इतकं झटपट होतं.

आणि काचापाणी या सुकुमारच्या जुन्या गेमच्या मूळ प्रतीवर, एकूण एक्केचाळीस फायलींच्या माथ्यावर, एकच ओळ होती. सर्व हक्क नभसूत्र सिस्टिम्सकडे राखीव.

ती ओळ सुकुमारने कधी लिहिली नव्हती. नभसूत्रमध्ये असताना नवी फाइल उघडली की ती आपोआप वर चिकटत असे, तशी सोयच करून ठेवलेली होती. आपली सवयीची मांडणी त्याने जशीच्या तशी घरच्या लॅपटॉपवर नेली, आणि तिच्याबरोबर ही ओळही गेली. गेम फुकट वाटताना त्याच्या ती लक्षात आली होती. तेव्हा तो 'विनापरवाना' नावाचा ब्लॉग लिहायचा. चारशे वाचक, त्यातले निम्मे भांडायला येणारे. कीबोर्डला आवाज हवा. मध्येच थांबवता येत नाही तो गेम लग्न झालेल्या माणसाच्या कामाचा नाही. कंपनीने सर्व्हर बंद केला की गेम मरत असेल, तर आपण विकत घेतलं ते काय? कॉपी म्हणजे चोरी नव्हे, चोरीत मालकाची वस्तू जाते, कॉपीत ती जागेवरच राहते. अशी त्याची मतं होती, आणि ती मांडताना त्याला घाम वगैरे येत नसे. त्या ओळीबद्दलही त्याने लिहिलं होतं. 'हक्क राखीव ही पाटी म्हणजे येथे थुंकू नये या पाटीसारखी. वाचतं कोण? म्हणून मी ती काढायचे कष्ट घेतलेले नाहीत.'

तीस वर्षांनी वाचणारा भेटला होता.

"किती दिवस लागतील, काका?" नाझनीनने विचारलं. तिचा स्वर साधा होता, पण ती आक्काकडे पाहत नव्हती.

"किती दिवस चालतील?"

तिने त्याला खिडकीपाशी नेलं. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचा भाग त्याचं काम शिकून घेतो, हे तिने त्याला पूर्वीच सांगितलं होतं. शिकायची त्याची घाई पहिल्या शंभरेक दिवसांत असते. आक्काच्या दंडाच्या स्नायूंत हुकुमाची जी अंधुकशी वीज अजून येत होती ती मोजा टिपायचा, आणि कमी पडलेलं बळ स्वतः पुरवायचा. दर आठवड्याला थोडं कमी पुरवायचा. "आता हे मधेच तुटलं ना, तर हात विसरायला लागतो. दोन आठवडे गेले की मी काही सांगू शकणार नाही. दुसरा खेळ लावून बघितला असता, पण थरथर मोजायची तुमची रीत मोज्याच्या गाभ्यातच आहे. ती काढली तर मोजाच राहत नाही."

सुकुमारने मान डोलावली. ती रीत त्याला पाठ होती. काचापाणीत बांगड्यांचे तुकडे जमिनीवर टाकायचे आणि एकेक तुकडा बोटाने असा ओढून घ्यायचा, की दुसरा कुठलाही हलता कामा नये. हलला की डाव समोरच्याचा. गेममध्ये त्याने एक सवलत ठेवली होती. दुसरा तुकडा अगदी केसभर हलला तर गेम न पाहिल्यासारखं करी. किती हलला तर सोडून द्यायचं, त्या आकड्याला त्याने नाव दिलं होतं 'माफी'. आधी माफी भरपूर ठेवायची आणि खेळणाऱ्याचा हात स्थिरावेल तशी कमी करत न्यायची. हाताच्या डॉक्टरांना नेमकं हेच हवं होतं. कुणीतरी ते उचललं, मग दुसऱ्याने, आणि पंचवीस वर्षांत ते कुठल्या कुठे गेलं. आक्काच्या हातात मोजा चढेपर्यंत सुकुमारला याची गंधवार्ताही नव्हती.

बुधवारी सकाळी तो आक्काच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी लॅपटॉप घेऊन बसला. तेवढा एक भाग नव्याने लिहायचा, जुन्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, असा त्याचा बेत होता. दोन तासांत लिहून झालं आणि त्याने ते उगमला दाखवलं. सुकुमार मगदूम, शहाण्णव टक्के. त्याने पुन्हा लिहिलं, जिथे हात डावीकडे जाईल तिथे मुद्दाम उजवीकडे नेला. एक्क्याण्णव टक्के. तिसऱ्यांदा त्याने स्वतःला आवडणार नाही असं, गबाळं, लांबण लावून लिहिलं. ब्याण्णव. तिशीतला सुकुमार आणि साठीतला सुकुमार यांत काडीचा फरक नाही, हे सांगायला यंत्राची काही गरज नव्हती. पण त्याने सांगितलं. सुकुमारने चहा केला आणि तो निवेपर्यंत नुसता बघत बसला.

दुपारी फोन आला. आक्का समोर बसून डाव्या हाताने वाटाणे सोलत होती. सुकुमारचे दोन्ही हात भांड्यांत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आवाज तरुण आणि भलताच नम्र होता. नभसूत्र तीनदा विकली गेली होती आणि आताच्या कंपनीच्या वतीने हा बोलत होता. कंपनीला रुग्णांची काळजी होती. कंपनीकडे दोन हजार नऊ सालची कागदपत्रं उरली नव्हती, परंतु सरांचा ब्लॉग उपलब्ध होता.

"त्यात तुम्ही स्वतः म्हटलंय, सर. 'कंपनीने मला बहिणीसाठी चार महिने बिनपगारी रजा दिली, त्या रजेत मी हा गेम लिहिला.' तुमच्या करारानुसार नोकरीत असताना, रजेवर असतानाही, तयार केलेलं सगळं कंपनीचं. तर आपण तेवढं लेखी मान्य करा. आम्ही तुमच्या भगिनींचा मोजा आजच सोडतो, कायमचा, विनाशुल्क."

"होताच की तो रजेवर!" आक्का फोनकडे वाकून म्हणाली. "आमचे हे गेले तेव्हा सगळं टाकून आला होता. चार महिने राहिला. कोण राहतो असं?"

"धन्यवाद, मावशी. तुमचं म्हणणं फार उपयोगी आहे."

सुकुमारने नळ बंद केला.

"आणि बाकीच्यांचं काय?" आक्काने विचारलं. "तिथं अकरा जण आहेत. तो रियाझ आहे."

"त्यांच्यासाठी रुग्णालय परवाना घेऊ शकतं, मावशी. ती प्रक्रिया साधारण सहा ते आठ महिन्यांची आहे."

फोन बंद झाल्यावर आक्काने हातातली शेंग संपवली. मग म्हणाली, "माझ्या एकटीचा नको सोडवूस. त्या सगळ्यांसमोर मी एकटी मोजा घालून बसू? सगळ्यांचा सोडव. गेम तू केलास, ह्याच घरात केलास. तुझाच आहे ना?"

"माझाच आहे."

"मग तसं सांग की त्यांना."

सांगायला कितीसा वेळ लागणार होता? सुकुमार नभसूत्रच्या रजेवर नव्हताच. नभसूत्रने त्याला सत्तावीस जानेवारी दोन हजार नऊला काढून टाकलं होतं. मंदीचं वर्ष होतं, एका दुपारी चाळीस जण गेले. बारा दिवस तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पुण्यातल्या खोलीतून निघायचा आणि बागेत बसून यायचा. तेराव्या दिवशी दाजी गेल्याचा फोन आला. तो मिरजेला आला, पाहुणे परतायला लागले, आणि वडिलांनी ओसरीवर विचारलं, "तू कधी निघणार? काम असेल तुला." त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "रजा काढलीय. बिनपगारी. आक्काजवळ राहतो." वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी पूर्वी कधी ठेवला नव्हता, आणि त्या हाताखालून निसटणं मग त्याला जमलं नाही. आत दारामागे आक्का उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

तिच्याजवळ राहणं खोटं नव्हतं, हे त्याने स्वतःला पुष्कळदा समजावलं होतं. चार महिने तो खरोखर राहिला. दाजी गेले त्या दिवशी आक्काच्या बांगड्या बायकांनी फोडल्या होत्या आणि तिने ते तुकडे वेचून पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, कुणाला न सांगता. एप्रिलमधल्या एका दुपारी तिने तो डबा फरशीवर ओतला आणि म्हणाली, "ये, काचापाणी खेळू." दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच स्वतःहून काही म्हणाली होती. तिचा हात इतका कापत होता की डाव सारखा त्याच्याकडे येई. म्हणून तो काही वेळा तुकडा हललेला पाहूनही न पाहिल्यासारखं करू लागला. तीच माफी. दुसऱ्या दिवशी त्याने गेम लिहायला घेतला, आणि त्यात तुकडा हलला की होणारा आवाज त्याच हिरव्या काचांचा होता.

पण त्यानंतर वडील वारले. त्यांचा सांगलीत विश्रामबागेत प्लॉट होता, कायद्याने निम्मा आक्काचा. आक्काने हक्कसोडपत्र लिहून दिलं. सुकुमार नको नको म्हणाला, जेवढं म्हणायचं असतं तेवढं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कारकुनाने तिला रीतीप्रमाणे विचारलं, राजीखुशीने देताय ना, तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्याने माझ्यासाठी नोकरी पणाला लावली त्याच्याशी वाटण्या कसल्या करू?" त्याने मान खाली घातली होती. लोकांना तो नम्रपणा वाटला. तो प्लॉट विकून सुकुमारने पुण्यात फ्लॅट घेतला, आणि आक्का दाजींनी बांधलेल्या या दोन खोल्यांतच राहिली. आता झटका आल्यावर तो पुन्हा धावून आला, तर नातेवाईक फोनवर म्हणाले होते, भाऊ असावा तर असा.

काढून टाकल्याचं पत्र शोधायला त्याला अजिबात वेळ लागला नाही. जुन्या मेलबॉक्सने ते चटकन पुढ्यात टाकलं, तारखेसकट. ते जोडलं की कंपनीचा दावा त्याच दिवशी संपत होता. अडचण एवढीच होती की हक्क-नोंदणी कार्यालयात करायची तक्रार रुग्णाच्या, म्हणजे आक्काच्या नावाने होती, आणि गेम तिच्या घरात तयार झाला म्हणून साक्षही तिचीच होती. त्याने पत्र जोडून निवेदन पाठवून दिलं, आणि ते सुनावणीत तिच्यासमोर वाचलं जाणार होतं.

म्हणजे तिला आधी सांगायलाच हवं होतं. गुरुवारी सकाळी केस विंचरून देताना तो म्हणाला, "आक्का, एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "आधी गुंता काढ." गुंता निघाला आणि गोष्ट राहिली. दुपारी जेवताना त्याने पुन्हा सुरुवात केली, तर शेजारीण भोपळ्याची भाजी घेऊन आली आणि बसलीच. संध्याकाळी आक्काने स्वतःहून विचारलं, "काय म्हणत होतास मघा?" आणि सुकुमार म्हणाला, "काही नाही, उद्या अकराला सुनावणी आहे." शेजारणीला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच्यात हिंमत नव्हती, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

शुक्रवारी अकरा वाजता हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर हक्क-नोंदणी कार्यालयातले घोरपडे दिसले. जाड चष्मा, मागे पंखा, समोर पाण्याची बाटली. दुसऱ्या कोपऱ्यात कंपनीच्या वकीलबाई होत्या. नाझनीनने आक्काची खुर्ची पुढे घेतली. अकराही रुग्ण आपापल्या टेबलाशी बसून होते, कारण त्यांना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

घोरपड्यांनी निवेदन वाचलं. सरकारी मराठी, एका सुरात. "मी, सुकुमार बाबगोंडा मगदूम, असे निवेदन करतो की, दिनांक सत्तावीस जानेवारी दोन हजार नऊ रोजी नभसूत्र सिस्टिम्सने मला सेवेतून कमी केले. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. त्यानंतर चार महिने मी बेरोजगार होतो व माझी थोरली बहीण श्रीमती पद्मावती चौगुले यांच्या घरी राहत होतो. याच काळात काचापाणी हा गेम मी तयार केला. मी रजेवर असल्याचे माझ्या ब्लॉगवरील विधान खोटे आहे."

सुकुमार आक्काकडे पाहू शकला नाही. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. डावं पाऊल चपलेतून अर्धवट बाहेर आलं आणि तसंच राहिलं.

वकीलबाई म्हणाल्या, "हे पत्र खरं कशावरून? यंत्राने पत्रं बनवणं आज पोरखेळ आहे. आणि साक्षीदार बाईंनी परवाच आमच्या प्रतिनिधीला फोनवर सांगितलंय की हे रजेवर होते. ध्वनिमुद्रण आहे आमच्याकडे."

घोरपड्यांनी चष्मा काढला. "आजी, मला तुमच्याकडून ऐकायचंय. हे तुमच्या घरी राहत होते तेव्हा त्यांना नोकरी नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं का?"

सुकुमारला वाटलं, आता ती नाही म्हणेल. खरं तेच होतं. ती नाही म्हणाली की पत्राची तपासणी लागणार, त्यात महिने जाणार, आणि हात विसरणार. तिचा, रियाझभाईंचा, सगळ्यांचा.

"होय," आक्का म्हणाली. "माहीत होतं."

"मग फोनवर तुम्ही रजा कसं म्हणालात?"

"चार लोकांत भावाची नोकरी गेली म्हणून कोण सांगतं, साहेब? तेव्हा रजा म्हणायचं ठरलं, ते तोंडात बसलं. बत्तीस वर्षं तेच सांगतेय मी."

घोरपड्यांना हे पटलं. त्यांच्याही घरात असं काहीतरी असावं. वकीलबाईंनी अजून दोन प्रश्न विचारले आणि आक्काने त्यांना एकेका शब्दात वाटेला लावलं. साडेअकराला आक्षेप फेटाळला गेला. सुकुमारने आपली सही करून गेम सर्वांसाठी खुला असल्याचं नोंदवलं, आणि फायलींच्या माथ्यावरची ती ओळ बत्तीस वर्षांनी निघाली. दहा मिनिटांनी अकराही मोज्यांचे हिरवे दिवे लागले. रियाझभाईंनी काहीतरी पुटपुटत बोटं हलवून पाहिली. नाझनीनने डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली.

आक्काच्या टेबलाशी ते दोघंच उरले.

"आक्का, तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

तिने उजवा हात त्याच्यापुढे केला. त्याने टेबलाच्या समोरच्या बाजूला बसून मोजा चढवला, एकेक बोट नीट बसवलं. इतके दिवस तो हे करत होता, पण आज त्याला अंगठ्याची बाजूच सापडेना.

"मी सांगणार होतो. काल तीनदा—"

"काल?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "नोकरी गेली तर गेली. ती त्या सालात कुणाची राहिली होती? आलास, राहिलास, मला जेवायला घातलंस. जायला जागा नव्हती म्हणून आलो म्हणाला असतास तरी मी ठेवून घेतलंच असतं की. माझ्या घरात मी तुला ठेवून घेतलं, असं झालं असतं ते. तू मात्र मला उपकाराखाली ठेवलंस."

"प्लॉटचं म्हणत असशील तर मी—"

"प्लॉट नको काढूस. प्लॉट मागितला मी? सही करून घरी आले त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं, सुकू. वाटलं, एवढ्या मोठ्या गोष्टीची आपण थोडीतरी परतफेड केली. ते बरं वाटणं मी जपून ठेवलं होतं. दुसरं काय होतं माझ्याजवळ जपायला? ते नेलंस तू."

सुकुमारला आपलंच जुनं वाक्य आठवलं. कॉपीत वस्तू जागेवरच राहते, मालकाचं काही जात नाही. त्या वाक्याला तेव्हा चाळीस जणांनी वाहवा दिली होती. त्याला फार लाज वाटली. ती लाज त्याने लपवली नाही, कारण लपवायला आता जागाच नव्हती.

"चुकलो, आक्का."

पडद्यावर हिरवे तुकडे विखुरले. तिने बोट पुढे नेलं, मोज्याने पुरवायचं तेवढं बळ पुरवलं, आणि एक तुकडा हळूच बाजूला आला. दुसराही आला. तिसऱ्याला हात घालताना ती म्हणाली, "दोन वाजताची बस आहे पुण्याला. ह्या मोज्याचं नाझनीन बघेल. केस शेजारीण विंचरेल. आता जा तू. रजा संपली तुझी."

तो उठला. खुर्चीवरची पिशवी घेतली, चष्म्याचं घर घेतलं, पाण्याची बाटली तिच्या डाव्या हाताशी सरकवून ठेवली. याहून जास्त करण्यासारखं काही सापडेना, म्हणून निघाला.

मागे खण् असा आवाज झाला. त्या डब्यातल्या काचांचा आवाज. त्याने वळून पाहिलं. आक्काचा तुकडा शेजारच्याला लागला होता, माफीच्या बराच बाहेर. पडद्याची दुसरी बाजू उजळली होती. समोर कुणी बसलेलं नसेल तर तिथे यंत्रच खेळतं. पण मघापासून तो तिथे बसलेला होता, पडद्याला तसं ठाऊक होतं, आणि पडदा थांबला होता. आक्काचा हात हवेत तसाच होता. मोजा घातला तरी त्या हाताला असं फार वेळ राहवत नसे.

"डाव तुझा आहे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "खेळून जा."

तो परत आला. पिशवी खांद्यावरच राहिली. त्याने वाकून कडेचा सुटा, सोपा तुकडा निवडला आणि बोट टेकवलं. बोटाला मोजा नव्हता, आजार नव्हता, काही नव्हतं. तरी खण् वाजलं.

"हललं," आक्का म्हणाली, आणि तिने आपला हात पुढे घेतला.